आधी तेल, मग पीठ : महाराष्ट्रातील स्वस्त त्वचानिगेचा इतिहास

साबण घराघरांत पोचण्यापूर्वी महाराष्ट्रात अंग आणि चेहरा स्वच्छ करण्याची एक ठरलेली रीत होती. आधी तेल चोळायचे, मग त्यावर एखादे पीठ किंवा चूर्ण घासून तेल आणि मळ दोन्ही उतरवायचे, आणि शेवटी ऊन पाण्याने न्हायचे. ही रीत रोजची नव्हती. रोज सकाळी तोंडावर पाण्याचे चार हबके मारणे आणि पंच्याने किंवा पदराने पुसणे एवढेच बहुतेकांच्या वाट्याला येई. तेल-पिठाचे न्हाणे असे ते सणाला, लग्नात, बाळंतपणात आणि जमलेच तर आठवड्यातून एखाद्या दिवशी. तरीही त्वचेची निगा म्हणजे काय, याची समाजातली समजूत याच रीतीने घडवली. साबण आणि क्रीम यांच्या पुढच्या शंभर वर्षांचा अर्थ लावायचा, तर आधी हा क्रम ध्यानात घ्यावा लागतो.

'उटणे' हा शब्द संस्कृत 'उद्वर्तन'वरून आला. हिंदीतले 'उबटन' हे त्याचेच भावंड. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त दिनचर्येच्या अध्यायात आधी अभ्यंग, मग व्यायाम, मग उद्वर्तन आणि शेवटी स्नान असा क्रम आहे. उद्वर्तनाने मेद कमी होतो, अंग घट्ट होते आणि त्वचा नितळ होते, असे तो म्हणतो. केवळ चेहऱ्यासाठी त्याने वेगळा विचार केला आहे. त्याच ग्रंथात मुखलेपाचे तीन प्रकार आहेत : दोष घालवणारा, विष उतरवणारा आणि वर्ण उजळणारा. लेपाची जाडी बोटाच्या रुंदीच्या पाव, तिसऱ्या किंवा अर्ध्या हिश्शाएवढी असावी, लेप चेहऱ्यावर असताना झोपू नये, बोलू नये, विस्तवाजवळ किंवा उन्हात बसू नये, असे नियम दिलेले आहेत. यातला सर्वांत मोलाचा नियम लेप काढण्याविषयीचा आहे. लेप चेहऱ्यावर वाळू द्यायचा नाही, कारण वाळलेला लेप कांती बिघडवतो. तो ओला करून काढायचा आणि मग चेहऱ्याला तेल लावायचे. मुलतानी माती चेहऱ्यावर तडकेपर्यंत ठेवणाऱ्या आणि नंतर कातडी ओढल्याची तक्रार करणाऱ्या आजच्या माणसाला हा नियम तेराशे वर्षांनंतरही तंतोतंत लागू पडतो.

लेपातली द्रव्ये ऋतूप्रमाणे बदलत. हेमंतात बोराचा गर, अडुळशाचे मूळ, लोध्र आणि मोहरी. ग्रीष्मात कमळ, दूर्वा, ज्येष्ठमध आणि चंदन. थंडीत उष्ण आणि स्निग्ध, उन्हाळ्यात थंडावा देणारे, हे यामागचे तत्त्व. तारुण्यातल्या मुरुमांचीही ग्रंथकारांनी नोंद घेतली आहे. सुश्रुताने त्यांना शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या, काट्यांची उपमा दिली. काटेसावरीचे खोड ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला ही उपमा किती नेमकी आहे हे सांगावे लागत नाही.

हे झाले ग्रंथांतले. राजदरबारातले चित्र कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासा'त दिसते. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या या ग्रंथात 'स्नानभोग' आणि 'विलेपनभोग' अशी स्वतंत्र प्रकरणे आहेत. राजाच्या अंगाला सुगंधी तेलाचे मर्दन आणि मग ते तेल काढणारी चूर्णे, हा क्रम तिथेही तोच. तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींच्या मर्दना-मादण्याचे, म्हणजे तेल चोळून न्हाऊ घालण्याचे, उल्लेख पुन्हा पुन्हा येतात, तेही रोजच्या बोलीत, काही विशेष सांगतो आहोत असा आव न आणता. राजा असो की गावोगाव फिरणारा महात्मा, न्हाण्याची रीत एकच होती. फरक पडे तो तेल कोणते आणि चूर्ण कशाचे, यात.

सामान्य घरात तेल कोणते, हे आसपास काय पिकते यावर ठरे. किनाऱ्यावर खोबरेल, देशावर तीळ आणि करडई, विदर्भात जवस आणि तीळ, पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात मोहाच्या बियांचे तेल. गावच्या तेल्याच्या घाण्यातून निघालेले जे तेल भाजीला, तेच अंगाला. दिव्यात जळे ते बहुधा हलके तेल, करंजाचे किंवा एरंडाचे. पण करंजाचे तेल खरूज-नायट्यावर लावायलाही उपयोगी पडे, आणि भेगाळलेल्या टाचांना एरंडेल चाले. त्वचेसाठी म्हणून वेगळी खरेदी करायची कल्पनाच नव्हती. स्वयंपाकघरातून वाटीत काढून घेतलेले दोन चमचे तेल हाच सारा खर्च.

या घरगुती स्निग्ध पदार्थांत कोकणातले मुठेल वेगळे उठून दिसते. पिकलेल्या कोकमाची साल काढून तिची आमसुले करतात, रसाचे आगळ होते आणि बिया उरतात. या बिया उन्हात वाळवून, फोडून आणि कुटून पाण्यात शिजवल्या की पाण्यावर तवंग येतो. पाणी निवले की हा तवंग थिजतो. तो गोळा करून मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे वळतात, म्हणून ते मुठेल. गोव्यात आणि दक्षिण कोकणात त्यालाच भिरंडेल म्हणतात, कारण तिथे कोकमाचे नाव भिरंड. बीच्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी ही चरबी निघते. ती साध्या हवेत घट्ट असते आणि सुमारे चाळीस अंशांवर वितळते. त्यामुळे गोळा कोनाड्यात वर्षभर टिकतो आणि ओठांवर किंवा गालावर घासला की अंगाच्या उबेने जेमतेम मऊ होऊन पातळ थर देतो. पावसात चिखलाने खाल्लेल्या बोटांच्या बेचक्या, हिवाळ्यात उललेले ओठ, पोरांचे फुटलेले गाल, टाचांच्या भेगा, सगळ्यांवर हा एकच उपाय होता. आणि तो ज्या बियांपासून होई, त्या एरवी उकिरड्यावर गेल्या असत्या. कमी पैशांत त्वचेची निगा राखण्याचे याहून चांगले उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात शोधूनही सापडणे कठीण आहे. आज हेच 'कोकम बटर' परदेशी कंपन्यांच्या लिप बाममध्ये जाते.

तेलाच्या जोडीचे दुसरे अंग म्हणजे पीठ. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ सर्वांत जास्त चालते, मसुराचे त्याखालोखाल. पिठातली प्रथिने आणि स्टार्च तेल धरून ठेवतात, डाळींत थोडा फेसाचा अंशही असतो, आणि चोळताना सुटलेला मळ पिठाच्या गोळ्यांबरोबर निघून येतो. तेल पुरते निघत नाही. एक पुसट थर अंगावर राहतोच. ही उणीव नसून या रीतीचे सर्वांत मोठे बळ होते. मळ गेला, पण कातडीची स्वतःची स्निग्धता गेली नाही. ज्यांना डाळीचे पीठही अंगाला लावणे परवडत नव्हते, ते चिकणमाती वापरीत, हातापायांना राख किंवा दगड घासत. परसातल्या वेलीवर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी पाठ घासायला आणि वज्री टाचांना, ही हत्यारेही जवळपास फुकटातली.

हळद या सगळ्यांत मिसळलेली असे. रंगासाठी, वासासाठी आणि जखम चिघळू नये म्हणूनही. सांगली ही हळदीची मोठी पेठ. जवळच्या हरिपूरला जमिनीत खणलेल्या पेवांत हळद साठवण्याची रीत होती, आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. लग्नात नवऱ्या मुलाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे पाठवण्याची चाल अजून टिकून आहे. अंगाला लावायची ती आंबेहळद मात्र वेगळी. तिचा वास कैरीसारखा, डाग कमी. उटण्यात तीच पडते.

दिवाळीचे उटणे ही या परंपरेची वर्षातून एकदा येणारी चैन. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी आंबेहळद, गव्हला, कचोरा, नागरमोथा, वाळा, चंदन, अनंतमूळ, वाळलेल्या संत्र्याची साल, गुलाबपाकळ्या, मसूर आणि मुलतानी माती असे काय काय कुटून चाळले जाई. काष्ठौषधींच्या दुकानातून पुडीने जिनसा आणायच्या, आणि ऐपतीप्रमाणे चंदन कमी करून पीठ वाढवायचे. गरीब घरातले उटणे रंगाने फिके आणि वासाने मंद असे, पण मळ काढण्याच्या कामात त्यात आणि श्रीमंताघरच्या उटण्यात काही अंतर नव्हते. पैसे जात होते ते वासासाठी. ही गोष्ट पुढे साबणाला आणि क्रीमलाही लागू पडली.

पुरुषांच्या चेहऱ्याची निगा गावच्या न्हाव्याकडे होती. बलुतेदार न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, वाटी, कात्री, आरसा, दगड आणि चामड्याचा पट्टा असे. फेस नव्हताच. पाण्याने दाढी भिजवून बोटांनी बराच वेळ चोळायची आणि वस्तरा फिरवायचा. शेवटी ओल्या चेहऱ्यावर तुरटी फिरवली की बारीक कापलेल्या जागांचे रक्त थांबे. तुरटीचा एक खडा वर्षानुवर्षे पुरतो. आजही सलूनमध्ये महागड्या बाटल्यांच्या शेजारी तो दिसतो, आणि काम तेच करतो.

या परंपरेला एक काळी बाजू होती, आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास खरा होत नाही. हळद, कुंकू, तेल, फुले ही सवाष्णीची लेणी मानली गेली. नवरा वारला की तरुण बाईच्या कपाळाचे कुंकू जाई, आणि अनेक जातींत चेहऱ्याला हळद लावणेही बंद होई. कातडी उलली तर तेल लावण्यात पाप नव्हते, पण आरशासमोर बसून चेहऱ्याकडे पाहणे हेच विधवेला शोभत नाही असे मानले जाई. निगा म्हणजे आरोग्य आणि निगा म्हणजे सौभाग्य, या दोन गोष्टी एकत्र बांधल्यामुळे हजारो बायकांना पैसा असूनही साध्या स्वस्त गोष्टी वर्ज्य झाल्या.

साबण हा शब्द अरबी 'साबून' आणि पोर्तुगीज 'साबांव' या दोन्हींच्या नात्यातला आहे. वस्तू म्हणून तो जुना असला तरी सामान्य मराठी घरात तो आला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. लिव्हर ब्रदर्सच्या 'सनलाइट'च्या पेट्या १८८८ मध्ये कोलकात्याच्या बंदरात उतरल्या, १८९५ च्या सुमारास 'लाइफबॉय' आला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उसळली, तेव्हा रस्ते आणि घरे धुवायला कार्बोलिक आम्ल वापरले गेले. त्याच आम्लाचा उग्र वास लाल लाइफबॉयला होता. त्या पिढीच्या मनात तो वास आणि रोगापासून सुटका यांची सांगड बसली असेल, तर नवल नाही. पुढे गिरणगावातल्या चाळींपासून खेड्यातल्या विहिरीपर्यंत लाल वडी म्हणजे कामकऱ्याचा साबण, अशी तिची ओळख राहिली.

सुरुवातीला साबणाला विरोधही झाला. त्यात जनावरांची चरबी असते, हे माहीत असल्यामुळे सोवळ्यातल्या घरांत त्याला न्हाणीघरातही जागा नव्हती. इथे मुंबईचे अर्देशीर गोदरेज यांचा प्रवेश होतो. वकिली सोडून कुलपे आणि तिजोऱ्या करणाऱ्या अर्देशीर यांनी पहिल्या महायुद्धानंतर केवळ वनस्पतितेलांचा साबण बाजारात आणला. अंगाच्या साबणाला त्यांनी नाव दिले 'नंबर २', आणि त्याहून सरस 'नंबर १' नंतर काढला. रवींद्रनाथ ठाकूर यांनी या स्वदेशी साबणाच्या जाहिरातीला आपले नाव दिले. १९३४ मध्ये लिव्हरने मुंबईत शिवडीला साबण बनवायला सुरुवात केली, आणि आयात वडीची जागा देशात बनलेल्या वडीने घेतली. १९४१ मध्ये लीला चिटणीस 'लक्स'च्या जाहिरातीत आल्या. त्या जाहिरातीत झळकलेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. आता वडीबरोबर चेहराही विकला जाऊ लागला.

साबणाने खूप भले केले. खरूज, गळवे, हगवण यांच्याशी लढताना त्याच्याइतके स्वस्त आणि खात्रीचे साधन दुसरे नव्हते, हे मान्यच करावे लागते. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र त्याने जुना क्रम मोडला. निरोगी त्वचेचा वरचा थर किंचित आम्ल असतो, साबण अल्कधर्मी. पीठ जादा तेल शोषून घेई, साबण कातडीचे स्वतःचे तेलही धुऊन नेतो. शिवाय दख्खनच्या अनेक विहिरींचे पाणी क्षारयुक्त. त्यात साबणाला फेस येत नाही, उलट चिकट साका तयार होऊन अंगावर बसतो. अशा पाण्यात डाळीचे पीठ साबणापेक्षा बरे काम करी. त्यात पुष्कळ घरांत कपड्यांचा आणि अंगाचा साबण एकच असे, म्हणजे चेहऱ्यालाही कपड्यांचाच साबण. तेल लावायची सवयही मागे पडली. तेलकट चेहरा शहरात गावंढळ दिसू लागला होता.

या घडामोडीतला सर्वांत बोलका पदार्थ ग्लिसरीन हा आहे. चरबी किंवा तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या क्रियेतून साबण तयार होतो, तेव्हा ग्लिसरीन आपोआप सुटते. ते पाणी धरून ठेवते, त्वचा मऊ राखते. कारखाने ते साबणातून वेगळे काढतात आणि औषधांना, स्फोटकांना, सौंदर्यप्रसाधनांना विकतात. मग साबणाने ओढलेल्या कातडीवर उतारा म्हणून तेच ग्लिसरीन गुलाबपाण्यात मिसळून हिवाळ्यात लावले जाते. एका पदार्थाचे दोन भाग करून दोनदा विकल्यासारखेच हे आहे. तरीही ग्लिसरीन-गुलाबपाण्याची बाटली मराठी घरात आली ती खऱ्या उपयोगामुळे, आणि तिची किंमत अजूनही आवाक्यात आहे. ग्लिसरीन निव्वळ लावू नये, पाण्यात मिसळून ओलसर चेहऱ्यावर लावावे, हे आजीबाईंना ठाऊक होते.

साबणाच्या मागोमाग 'स्नो' आला. स्टिअरिक आम्लात थोडा अल्क मिसळून काही भागाचा साबण करायचा, त्यात पाणी आणि ग्लिसरीन घोटायचे, की बर्फासारखे पांढरे, चेहऱ्यावर लावताच दिसेनासे होणारे मलम तयार होते. विलायती 'हेझलीन स्नो' आधी आला, मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी पहिल्या महायुद्धानंतर 'अफगाण स्नो' काढला आणि तो काही दशके घरोघरी राहिला. स्नो चेहऱ्याला तुकतुकीत न करता मऊ करी, त्यावर पावडर बसे. लग्नाच्या रुखवतात काचेची डबी दिसू लागली ती याच काळात. मलमांत व्हॅसलीन याहून जुने : त्याचे पेटंट अमेरिकेत १८७२ मध्येच झाले होते. गौरमोहन दत्त यांनी १९२९ मध्ये कोलकात्यात बोरोलीन सुरू केले, आणि उललेल्या ओठांवरची ती हिरवी ट्यूब महाराष्ट्रातही पोचली. पुण्याचे 'कैलास जीवन' हे कापराच्या वासाचे पांढरे मलम भाजल्यावर, चिरल्यावर आणि तोंड उललेल्या मुलांवर पिढ्यानपिढ्या वापरले गेले. घरच्या घरी होणारे शतधौत घृतही काही घरांत टिकून होते. तूप तांब्याच्या ताटात पाण्याबरोबर शंभर वेळा घोटून धुतले की पांढरे, लोण्याहून मऊ मलम होते. खर्च तुपाचा आणि हातांच्या कष्टांचा.

यात मराठी उद्योजकतेची एक मोठी कथा आहे. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ मध्ये परळला विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी, म्हणजे 'विको', सुरू केली. दंतमंजनाने नाव झाले. १९७५ मध्ये विकोने हळदीचे क्रीम आणले. हळद चेहऱ्यावर पिवळी दिसते, ही तिची सर्वांत मोठी अडचण. हे क्रीम लावल्यावर रंग राहत नसे, चंदनाच्या तेलाचा वास मात्र राही. जुन्या न्हाणीघरातली हळद ट्यूबमध्ये घालण्याचा हा प्रयत्न लोकांनी मनापासून स्वीकारला. सरकारी खात्यापुढे मात्र प्रश्न पडला : हे औषध की सौंदर्यप्रसाधन? करात मोठा फरक होता. ही लढाई अनेक वर्षे चालली आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकोच्या बाजूने, औषध म्हणून, कौल दिला. चेहऱ्याला लावण्याच्या वस्तूत इलाज किती आणि शोभा किती, हा प्रश्न वाग्भटाच्या तीन प्रकारच्या लेपांपासून चालत आलेलाच होता. इथे त्याचा निवाडा कोर्टात झाला.

त्याच १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' बाजारात आले. त्वचा स्वच्छ आणि मऊ ठेवणे हा एक हेतू, ती गोरी करणे हा दुसरा; इथून दुसऱ्याने पहिल्याला झाकून टाकले. जमीन आधीच तयार होती. वर्ण उजळणारी औषधे ग्रंथांत होती, स्थळांच्या टिपणात 'गोरी', 'निमगोरी' अशा पायऱ्या होत्या, गरोदर बाईला केशराचे दूध देण्याची चाल होती. क्रीमने या जुन्या न्यूनगंडाला ठरावीक आठवड्यांचे आश्वासन दिले. माणसाचा मूळ रंग मेलॅनिनवर ठरतो. उन्हाने वाढलेला काळेपणा कमी होऊ शकतो, मूळ वर्ण मलमाने बदलत नाही. तोकड्या पगारातले पैसे ज्या वस्तूवर वर्षानुवर्षे गेले, ती वस्तू मुळात देऊ शकत नव्हती ते देण्याचे सांगत होती. जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये सावळ्या रंगाला कमी लेखणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियम केले आणि २०२० मध्ये या क्रीमच्या नावातून 'फेअर' गेले. हे पाऊल उशिरा पडले.

एक-दोन रुपयांच्या पुडीने हा बाजार खेड्यातल्या टपरीपर्यंत नेला. शॅम्पूपासून सुरू झालेली ही पद्धत ऐंशी-नव्वदच्या दशकांत क्रीमलाही लागू झाली. रोजंदारीवरच्या घराला एकरकमी ट्यूब परवडत नाही, पुडी परवडते. उटणे, मुठेल आणि घाण्याचे तेल यांनी जो खर्च जवळजवळ शून्यावर ठेवला होता, तो आता रोजच्या चिल्लर पैशांतून गळू लागला.

खरा धोका मात्र त्यानंतर आला. पुरळ आणि डाग घालवणारी म्हणून औषधांच्या दुकानातून स्टेरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीशिवाय विकली गेली. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, लाली जाते. महिन्यांनंतर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम उसळतात, आणि मलम थांबवले की चेहरा भाजल्यासारखा होतो. मैत्रिणीने सांगितले म्हणून किंवा दुकानदाराने दिले म्हणून लावलेल्या ट्यूबने असंख्य तरुणींचे चेहरे बिघडवले. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यावर सातत्याने आवाज उठवला आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. दुसरा धोका पाऱ्याचा. पारा मेलॅनिन तयार होणे अडवतो, त्यामुळे गोरेपणाच्या बेनामी क्रीममध्ये तो मिसळला जातो. तो कातडीतून रक्तात आणि मूत्रपिंडात जातो. केरळात मलप्पुरमला आणि आपल्याकडे अकोल्यात अशा क्रीममुळे मूत्रपिंडे बिघडल्याचे रुग्ण २०२३ मध्ये उजेडात आले. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत, डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता, नकळत मिसळलेल्या पाऱ्याची कमाल मर्यादा दहा लाख भागांत एक भाग एवढीच आहे.

दिवाळीची पहाटही आता बदलली आहे. टाटा ऑइल मिल्सने सत्तरच्या दशकात काढलेला गोल 'मोती' साबण १९९३ मध्ये ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाल्यावर दिवाळीशी इतका जोडला गेला, की अनेक घरांत उटण्याची पुडी नुसती पूजेपुरती उरली. दुसरीकडे नव्या रीतीही रुजल्या. दुचाकीवर जाणाऱ्या पुण्यातल्या मुली डोळे सोडून सारा चेहरा ओढणीने गुंडाळतात. धूळ आणि ऊन अडवणारा हा उपाय कोणत्याही सनस्क्रीनपेक्षा स्वस्त आहे, आणि शेतात डोक्यावरून पदर ओढून घेणाऱ्या बायकांच्या शहाणपणाचाच तो पुढचा अवतार आहे.

जुन्या घरगुती उपायांतले सगळेच टिकणारे नाही. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात गेल्यास कातडी पोळते आणि काळे डाग पडतात. भरड पीठ रोज घासल्याने बारीक ओरखडे येतात. तान्ह्या बाळाची लव काढण्यासाठी पिठाचे गोळे फिरवण्याला बालरोगतज्ज्ञ म्हणूनच नाही म्हणतात. मुरुमांच्या चेहऱ्यावर खोबरेल रंध्रे बुजवते. बाजारातल्या स्वस्त सुट्या हळदीत रंगाची भेसळ असू शकते. टिकले ते तत्त्व : मळ काढा, स्निग्धता परत द्या, ऊन अडवा. त्यासाठी आज सौम्य साबण, ओलसर कातडीवर बोटभर पेट्रोलियम जेली किंवा ग्लिसरीन, आणि ओढणी किंवा टोपी एवढे पुरते. उन्हात फार काम असेल, तर झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन घ्यावे.

साबण घेताना वेष्टनावरचे बारीक अक्षर वाचणे फायद्याचे आहे. भारतीय मानकांप्रमाणे 'टॉयलेट सोप'मध्ये स्निग्ध पदार्थांचे प्रमाण पहिल्या श्रेणीत किमान ७६ टक्के, दुसऱ्या श्रेणीत ७० आणि तिसऱ्या श्रेणीत ६० टक्के असावे लागते, तर 'बाथिंग बार'ला ४० टक्के पुरते. वेष्टनावर ते 'टीएफएम' या अक्षरांपुढे छापलेले असते. दोन वड्या सारख्या किमतीला आणि सारख्या वासाच्या असल्या, तरी यावरून त्यांतला फरक कळतो. क्रीमच्या बाबतीत यापेक्षा कडक राहावे. ज्या डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती डबी कितीही स्वस्त मिळाली आणि तिने शेजारणीचा चेहरा आठ दिवसांत कितीही उजळला असला, तरी ती चेहऱ्याला लावू नये.